कचरा होण्याआधी

परवा रात्री जेवणं उरकत होती तेवढ्यात शेजारच्या वहिनी आल्या. दारातूनच म्हणाल्या, "ताई, एखादी रिकामी प्लास्टिकची बाटली आहे का हो तुमच्याकडे? आणि आइस्क्रीमच्या काड्या, असल्या तर?" लेकीला दुसऱ्या दिवशी शाळेत टाकाऊतून टिकाऊ असं काहीतरी करून न्यायचं होतं आणि ते तिला झोपायच्या वेळी आठवलं होतं. माझ्याकडे काचेच्या बरण्या होत्या, श्रीखंडाचे डबे होते, जुन्या साड्यांचं एक गाठोडं होतं. पण शाळेच्या ग्रुपवर आलेल्या फोटोत बाटलीच होती, पारदर्शक, कमरेत बारीक. त्यांच्या घरात टाकाऊ म्हणावं असं काही शिल्लकच नव्हतं, सकाळची गाडी सगळं घेऊन गेली होती. शेवटी वहिनींनी स्कूटर काढली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून कोऱ्या काड्यांचं पाकीट, चमकी, रंगीत फोमचे तुकडे, डिंकाच्या कांड्या आणि फ्रिजमधली पाण्याची बाटली घेऊन आल्या. पाणी पातेल्यात ओतलं, बाटली कापली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोरीनं तो पेनस्टँड मला आणून दाखवला. सुरेख झाला होता. तिच्या हातात खरंच कला आहे, आणि मी ते तिला मनापासून सांगितलं.

पण ती बाटली काही मनातून जाईना.

कापण्याआधी ती बाटली निव्वळ एक बाटली होती. गाडीत सुक्या कचऱ्याच्या नाहीतर प्लास्टिकच्या खान्यात पडली असती, तिथून निवडणाऱ्या बायांच्या हातात, तिथून गठ्ठ्यात, आणि वितळून तिचा धागा नाहीतर दुसरी काही वस्तू झाली असती. असल्या बाटल्यांना गिऱ्हाईक असतं. आता तिच्यावर डिंक आहे, फोम आहे, लाकूड आहे, चमकी आहे. शाळेतलं प्रदर्शन झालं की ती टेबलावर येईल, धूळ खाईल, पुढच्या दिवाळीच्या आवराआवरीत बाहेर निघेल, आणि तेव्हा तिला कुठल्या खान्यात टाकायचं हे कुणालाच सांगता येणार नाही. चार वस्तू एकमेकींना अशा चिकटवल्या की चारही वाया जातात. एका घरात एका रात्री नेमकं उलटं घडलं होतं, तेही सगळ्यांच्या चांगल्या मनानं, मायलेकी दोघी जाग्या राहून. म्हणूनच ते जास्त लागलं असावं.

आपल्या इंदूरला कचऱ्याबद्दल कुणी काही शिकवावं अशी परिस्थिती नाही. २०१७पासून देशात पहिला नंबर आपला आहे. ओला, सुका, प्लास्टिक, ई-कचरा, घरगुती घातक कचरा आणि सॅनिटरी, असे सहा भाग आमच्या गल्लीतली पाचवीतली पोरंसुद्धा घडाघडा म्हणून दाखवतात. देवगुराडियाला पूर्वी जो कचऱ्याचा डोंगर होता, बायपासवरून जाताना ज्याच्यामुळे गाडीच्या काचा वर कराव्या लागायच्या, तो हटला. तिथेच आता रोज ५५० टन ओला कचरा पचवून गॅस काढणारा कारखाना आहे. फेब्रुवारी २०२२मध्ये त्याचं उद्घाटन झालं आणि त्या गॅसवर शहरातल्या बस धावतात. मला या सगळ्याचा मनापासून अभिमान आहे. नागपूरची नणंद येते तेव्हा मी तिला सराफ्यात खाऊ घालायला नेते आणि मध्यरात्रीनंतर रस्ते झाडले जाताना मुद्दाम दाखवते. सकाळी गाडीच्या गाण्याचा आवाज आला की आमच्या लोकमान्य नगरात दारं पटापट उघडतात, डबे हातात, बायका गाऊनवर ओढणी टाकून उभ्या. गाडी गेली की घर हलकं वाटतं. पण हे हलकं वाटणंच मला हल्ली थोडं खटकतं. टाकणं इतकं सोपं, इतकं स्वच्छ आणि इतकं पुण्याचं झालं आहे की टाकण्याआधी जे एक क्षणभर थांबणं असायचं, ते गेलं. गाडी कचऱ्याचं उत्तम करते. वस्तूचा कचरा कधी करायचा, हे मात्र गाडी यायच्या आधी घरातच ठरतं.

आजीच्या घरात ते फार उशिरा ठरायचं.

रामबागेतला तो वाडा आता नाही. खाली आम्ही, वर दोन भाडेकरू, मागे न्हाणीघर आणि पेरूचं झाड. आजोबांच्या एकट्याच्या पगारावर नऊ माणसं जेवत होती, त्यामुळे काटकसर हा कुणाचा छंद नव्हता. कापडाचा तर आजीकडे एक ठरलेला प्रवास असे. धोतर विरायला लागलं की त्याचा बरा भाग काढून पंचे व्हायचे. त्यातला एखादा चक्का टांगायला जायचा, एखादा वाळवणावर टाकायला. घरात कुणी बाळंतीण यायची असली की त्यातलंच कापड गरम पाण्यात उकळून, उन्हात वाळवून दुपट्यांसाठी आणि लंगोटांसाठी वेगळं ठेवलं जाई, कारण नव्या कापडातली खळ कोवळ्या कातडीला बोचते. आम्ही सगळी भावंडं आजोबांच्या धोतरात गुंडाळलेली. नऊवारीचं परकरात आणि उशीच्या अभ्र्यांत रूपांतर व्हायचं, काठ निघून चोळीच्या बाहीला लागायचा. पुढे गोधडी. गोधडीतून उरलेलं फडकं. फडकं झिजलं की पोतेरं, आणि पोतेऱ्याच्याही चिंध्या झाल्या की कंदिलाच्या काचा पुसायचा बोळा. स्वयंपाकघरातलं फडकं न्हाणीघरात जाऊ शके, न्हाणीघरातलं परत येऊ शकत नसे. हा नियम कुणी लिहून ठेवला नव्हता, पण तो मोडलेला मला आठवत नाही.

हे सगळं होऊ शकलं याचं मोठं कारण ते कापड होतं. या गावात गिरण्या होत्या. मालवा मिल, राजकुमार मिल, स्वदेशी, कल्याण, आणि १९९१मध्ये बंद पडली ती हुकुमचंद मिल. आमच्या घरातलं निम्मं कापड तिकडचं असायचं. सुताचं कापड जितकं धुवाल तितकं मऊ होतं आणि जितकं मऊ होईल तितकं पाणी चांगलं टिपतं. सुती धागा हवेतून आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा शोषून ठेवतो, पॉलिस्टर अर्धा टक्कादेखील नाही. म्हणून आजीचं जुनं कापड दर पायरीला आधीपेक्षा जास्त कामाचं होत जायचं आणि माझ्या कपाटातल्या जॉर्जेटच्या साडीचं फडकं केलं तर ते ओट्यावरचं पाणी नुसतं इकडून तिकडे सारतं. पुनर्वापराच्या गप्पा मारताना आपण हे विसरतो. वस्तू दुसऱ्यांदा कशी वापरायची याचा निम्मा निकाल ती पहिल्यांदा विकत घेतानाच लागलेला असतो. आजी दुकानात कापड दोन बोटांत चुरगाळून बघायची, उजेडासमोर धरायची, दुकानदार कंटाळायचा. पोत बघत असेल असं मला वाटायचं. ती खरं तर त्या कापडाची पुढची पंधरा वर्षं बघत असायची.

गोधडी मी शिकले ती मात्र आत्याकडून. थंडीच्या आधी, दसरा आटोपला की, सुदामा नगरातल्या तिच्या गच्चीवर ती बेत जमायचा. खाली एक साडी ताणून अंथरायची, उलटी बाजू वर. चारी कोपऱ्यांवर वजनं, एकावर पाटा, एकावर वरवंटा, बाकी विटा. मग आतले थर. इथे आत्याचा हात बघण्यासारखा असायचा. जुन्या चादरी ती तशाच पसरत नसे. तळहात फिरवून कुठे विरलंय ते शोधायची आणि तेवढ्याच जागी पायजम्याचा नाहीतर सदऱ्याचा तुकडा ठेवायची. सगळीकडे जाडी सारखी झाली पाहिजे, नाहीतर अंगावर घेतल्यावर गोधडी एका बाजूला ओढते. शिवण, कॉलर, काजपट्टी, जे जे टोचेल ते आधीच कात्रीनं काढून टाकलेलं असे. वर दुसरी साडी, शक्यतो रंग उडालेली पण नक्षी शाबूत असलेली. मग मधोमध उभे-आडवे कच्चे टाके, थर सरकू नयेत म्हणून. त्यानंतर खरा धावदोरा. दोरा मेणबत्तीवरून ओढून घ्यायचा म्हणजे गुंतत नाही. टाके दोन बोटांच्या अंतराच्या ओळीत, आणि शिवणारी गोधडीवरच मांडी घालून बसलेली, शिवत शिवत मागे सरकणारी. मी शिवायला लागले की आत्या मागून यायची आणि टाक्यांखाली करंगळी घालून बघायची. "आवळू नकोस गं. आवळलंस की ऊब कुठे राहायची?" थरांच्या मधे हवा राहिली पाहिजे, तीच उबेला कारण. हे भौतिकशास्त्र मला शाळेत नंतर भेटलं.

त्या गोधड्या फाटल्या की टाकत नसत. वरची साडी जीर्ण झाली की त्याच्यावर दुसरी चढवायची आणि पुन्हा टाके. आत्याकडची सगळ्यात जड गोधडी माझ्या लग्नाच्या आधी उसवली होती, आत दुसरी गोधडी निघाली, आणि तिच्या आत आजीच्या एका साडीचा तो जांभळट काठ, जो आमच्यापैकी कुणी नेसलेला पाहिला नव्हता.

हे सगळं लिहिताना मला मावशी आठवते, आणि तिला बाजूला ठेवून लिहिणं बरोबर होणार नाही. मावशी पाच बहिणींत चौथी. तिच्या वाट्याला लहानपणी नवं काही आलं नाही. फ्रॉक थोरलीचे, पुस्तकं मधलीची, पहिल्या पानावर तीन नावं खोडून चौथं तिचं, दप्तर मामाच्या जुन्या पँटचं. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात तिनं काय केलं असेल, तर वर्तमानपत्रांच्या मागचा कोरा भाग, पाकिटं उसवून केलेल्या चिठ्ठ्या, पाठकोऱ्या कागदांची शिवलेली वही, सगळं एका दिवसात रद्दीत घातलं आणि दोनशे पानी कोरी वही विकत आणली. ती आजही कुणाचं वापरलेलं काही घेत नाही. कुणी "छान आहे गं, एकदाच नेसलेय" म्हणून साडी पुढे केली की तिचा चेहरा बंद होतो. मी तिला पर्यावरणाचं काही सांगायला गेले नाही आणि जाणार नाही. ज्याला निवडीची मुभाच नव्हती त्याच्यावर काटकसरीचं कौतुक लादणं क्रूर आहे. आणि त्या कौतुकात आणखी एक गोष्ट झाकली जाते. आमच्या घरातल्या एकाही पुरुषानं गोधडीला टाका घातला नाही. आजीच्या दुपारी, आत्याचे डोळे, आईची पाठ, यांच्यावर ती काटकसर उभी होती. 'पूर्वी काही वाया जात नसे' हे खरं आहे. मग कुणाचा किती वेळ त्यात गेला, हेही मोजायला हवं.

आणि पूर्वीचं सगळंच चांगलं होतं असंही नाही. आपल्याकडे पोहे वर्षानुवर्षं छापील कागदावर दिले गेले. वर शेव, कांदा, लिंबू, आणि खाली बातम्यांची शाई. कागदाचा तो दुसरा वापर पाहायला कितीही मोहक असला तरी छपाईच्या शाईतली रसायनं गरम, तेलकट पदार्थात उतरतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१६मध्ये तशी सूचना काढली आणि २०१८च्या नियमांत छापील कागदात अन्न बांधायला बंदीच आली. तसंच पाण्याच्या पातळ बाटल्यांत वर्षभर तेल भरून ठेवणं, किंवा श्रीखंडाच्या डब्यात कढत वरण ओतून फ्रिजमध्ये सारणं. माझ्याकडे ते डबे आहेत, भरपूर आहेत, पण त्यांत बटणं, सुया, खडे मसाले, बियाणं. गरम आणि तेलकट काही असेल तर काच किंवा स्टील. जुन्या वस्तूला नवं काम देताना तिला ते झेपेल का, एवढं बघावंच लागतं.

बांगड्यांचं तोरण मात्र मी कुणालाही शिकवायला तयार असते. लहानपणी आमच्या आळीत सुट्टीत हा उद्योग चाले. वाढवलेल्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे साठवायचे, रंगानुसार. पाटावर मेणबत्ती, हातात एक जुना चिमटा. तुकड्याची दोन्ही टोकं आळीपाळीनं ज्योतीच्या वरच्या भागात धरायची. आधी काजळी चढते, मग टोक लालसर होतं, आणि एका क्षणी काच ताठपणा सोडते. तो क्षण बोटांना कळतो. डोळ्यांनी बघत बसलात तर हुकतो. लगेच चिमट्यानं टोक आत वळवून बंद करायचं, पण बंद करण्याआधी मागची कडी त्यात अडकवायची. हवेतच हळूहळू गार होऊ द्यायचं. घाईनं पाण्यात बुडवलं की तडकतं. मग ओल्या फडक्यानं काजळी पुसली की आतून हिरवा, लाल, मोरपंखी रंग निघतो. एकेक कडी करत दाराइतकं लांब तोरण व्हायला अख्खी सुट्टी लागायची, बोटं भाजायची, आणि वाऱ्यावर त्याचा जो बारीक आवाज व्हायचा तो मला आजही ओळखू येईल. या तोरणात डिंक नाही, रंग नाही, दुसरी कुठलीही वस्तू नाही. नुसती काच. शंभर वर्षांनी कुणी ते उतरवलं तरी ती काचच असेल.

वहिनींच्या लेकीच्या पेनस्टँडशी मी जी तुलना मनात करत होते ती इथेच होती.

मला वाटतं, चांगल्या पुनर्वापराला दिखाऊपणा नसतो. तो बहुतेक वेळा दिसतही नाही. दात घासायचा ब्रश जुना झाला की नळाच्या बुडाशी साठलेला क्षार खरवडायला जातो. सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या कड्या बरणीचं झाकण उघडायला पकड देतात. लिंबाची पिळलेली सालं मीठ लावून तांब्याच्या तांब्यावर फिरवली की तो झळकतो. साबणाची चिपटी नव्या वडीला ओली करून चिकटवली की एकजीव होते. लग्नपत्रिकेची जाड पाठ औषधांच्या वेळा लिहायला, कालनिर्णयचं उलटलेलं पान फडताळात अंथरायला. आदल्या दिवशीची पोळी सकाळी फोडणीत कुस्करली जाते. आजी तुळस डालड्याच्या डब्यात लावायची. १९३७ साली बाजारात आलेल्या त्या डालड्याचा पिवळा, ताडाचं झाड छापलेला पत्र्याचा डबा आमच्या पिढीला वेगळा सांगायला नको. तळाला खिळ्यानं भोकं, आत माती. चार-पाच पावसाळ्यांत तो गंजून खालून सुटायचा तोवर दुसरा रिकामा झालेला असे. अशा गोष्टींचे कुणी फोटो काढत नाही. त्यांना प्रदर्शनात जागा नाही, कारण त्यांत सजवायला काही नाही. गरज होती, हाताशी वस्तू होती, दोघींची गाठ पडली, एवढंच.

उलट, टाकायचं नाही म्हणून मुद्दाम बनवलेल्या वस्तूंचं ओझं मी सासरी पाहिलं आहे. सासूबाई फार हौशी. सांचीच्या दुधाच्या पिशव्या धुऊन, दोरीवर वाळत घालून, पट्ट्या कापून त्या त्यांची आसनं विणायच्या. मजबूत व्हायची, गच्चीवर बसायला उत्तम. पण एका घराला आसनं लागतात किती? देवळात दिली, भजनी मंडळात वाटली, नातेवाइकांच्या बारशाला दिली, तरी माळ्यावर थप्पी. त्यापेक्षा नुसती धुऊन वाळवलेली दुधाची पिशवी अटालेवाला, म्हणजे आपला भंगारवाला, चांगल्या भावानं घ्यायचा, कारण ते प्लास्टिक एकाच जातीचं, जाड आणि पुन्हा वितळवायला सोपं. आजही ती वेगळी काढली की उपयोगी पडते. फक्त कापताना कोपरा पूर्ण तोडू नये, लटकता ठेवावा. तो चिमुकला त्रिकोण एकदा सुटला की कुणाच्याच हाताला लागत नाही, नालीत जातो नाहीतर गाईच्या पोटात. सासूबाई गेल्यावर माळा उतरवला तेव्हा आसनं, रिकाम्या बरण्या, बोर्नव्हिटाचे डबे, दोऱ्यांची भेंडोळी, हँडल तुटलेले कप, सुटकेसमध्ये भरलेल्या रिकाम्या पिशव्या. मिस्टर गप्पच झाले. प्रत्येक वस्तूमागे 'लागेल कधीतरी' होतं आणि ते 'कधीतरी' आलंच नव्हतं. साठवणं आणि वापरणं यात मोठं अंतर आहे. आजीच्या घरात वस्तू थांबत नसत, एका कामातून दुसऱ्या कामात जात राहायच्या. माळ्यावर त्या थांबल्या होत्या.

त्या आवराआवरीत बरंच काही मार्गी लागलं. २०२३च्या मे महिन्यात देशभर 'आरआरआर' (रिड्यूस, रियूज, रिसायकल) केंद्रं सुरू झाली तेव्हा आपल्याकडेही जागोजागी लोकांनी कपडे, पुस्तकं, खेळणी नेऊन ठेवली. बरण्या, कप, पुस्तकं, मुलांचे स्वेटर, सगळं नेलं, आणि कुणीतरी ते उचलून नेताना पाहून बरं वाटलं. सांगण्यासारखं उरलं ते सासूबाईंच्या सिंथेटिक साड्यांचं गाठोडं. हे गाठोडं कुणालाच नको होतं. फडकी होत नाहीत, गोधडीला घाम येतो, दुपट्याचा तर प्रश्नच नाही. आत्याला फोन केला तर म्हणाली, "त्याला पाणी धरत नाही ना? मग पाण्यापावसात वापर की. घरात कशाला आणतेस?"

इतकं साधं होतं ते. जे कापड पाणी पीत नाही ते पावसात कुजतही नाही. एका साडीच्या लांब चिंध्या करून मी गच्चीवरचे टोमॅटो आणि दोडक्याचे वेल बांधले. सुतळी दोन महिन्यांत काळी पडून तुटते, या चिंध्या अजून तशाच आहेत, आणि मऊ असल्यामुळे देठ कापला जात नाही. दुसरी साडी मे महिन्यात कुंड्यांवर दुहेरी ताणली. इंदूरचं दुपारचं ऊन कोथिंबिरीला सोसत नाही, पण साडीखालची हिरवी राहिली. तिसरीच्या तीन पदरी वेण्या घालून, त्या गोल शिवून, बाहेरच्या दारासाठी पायपुसणं केलं. पावसाळ्यात चिखलाचे पाय त्याच्यावर पुसा, नळाखाली झटका, अर्ध्या तासात कोरडं. सुती पायपुसणं त्या दिवसांत ओलसर राहून वास मारतं. ज्या गुणामुळे ती साडी घरात नालायक ठरली होती त्याच गुणामुळे ती अंगणात कामाची निघाली.

उरलेल्यांच्या पिशव्या शिवायच्या ठरवल्या. १ जुलै २०२२पासून एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या कितीतरी वस्तूंवर बंदी आली, आपल्या भाजीबाजारात पातळ पिशव्या त्याही आधीपासून मागायची लाज वाटू लागली होती, तेव्हा पिशव्या लागणारच होत्या. आमच्या टेलरमास्तरांकडे गाठोडं नेलं. त्यांनी साडी टेबलावर पसरली, हातानं मापली आणि म्हणाले, "एक में से बारह निकल जाएँगे, बाईजी, पर हैंडल टिकेंगे नहीं. कपड़ा फिसलता है." मी विचारलं, मग? त्यांनी साडीचा काठ दोन बोटांत धरून ओढून दाखवला. काठ सरकत नव्हता, तिथली वीण घट्ट. मग ठरलं की हँडल काठाचंच काढायचं, आणि ते वरच्या कडेला नुसतं जोडायचं नाही, पिशवीच्या बुडाखालून फिरवून दुसऱ्या बाजूनं वर आणायचं, म्हणजे भार शिवणीवर न येता काठावर येईल. पहिल्या पिशवीत त्यांनी स्वतः दुकानातली दोन इस्त्र्या घालून उचलून पाहिली, मगच बाकीच्या कापायला घेतल्या. शिलाई त्यांनी सांगितली तेवढी दिली, घासाघीस केली नाही. हे काम फुकटात किंवा घरातल्या बाईच्या दुपारींवर व्हावं असं मला आता वाटत नाही. वहिनींनाही त्यातल्या दोन दिल्या. एकीत त्यांची लेक आता स्केटिंगचे बूट नेते, आणि तिचं म्हणणं आहे की हँडल खांद्यावर अडकवण्याइतकं लांब हवं होतं. मास्तरांना तसं सांगितलंय, पुढच्या खेपेला काठ वीतभर जास्त ठेवतो म्हणाले.